पाणकाठचे बाकीचे

३ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे पत्र न फोडता बाजूला टाकलं नसशील, असं धरून लिहिते आहे. पत्ता तुझ्या नणंदेने दिला. मी विचारला नव्हता, तिनेच आपणहून दिला. बरं, विचारला होता. तिच्याकडूनच कळलं की तू तिकडे बंदराजवळ दुकानांच्या पाट्या रंगवतेस, आणि तुझ्या पाटीवरचे मासे इतके जिवंत दिसतात की मांजरं खाली येऊन बसतात. तुझ्या नणंदेला तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे, तरी ऐकून बरं वाटलं.

कामाचं लिहिते. आपल्या प्रकाशकांची मुलगी परवा घरी आली होती. तीच, जी लहानपणी कार्यालयात टेबलाखाली बसून तुझ्या रंगीत पेन्सिलींची टोकं चावायची. आता सगळा कारभार तिच्याकडे आहे. म्हातारे फक्त दुपारी येतात, चहा पितात आणि पंखा कुणी बंद केला म्हणून ओरडतात. ती आली, बसली, आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "मावशी, मला पाणकाठला परत जायचंय."

जशी काही तिथे जाणारी गाडी कोपऱ्यावरून सुटते.

तिचं म्हणणं असं. मी लिहिलेल्या आणि तू चितारलेल्या पाणकाठच्या त्या चार पुस्तकांवर जी मुलं वाढली, त्यांना आता मुलं झाली आहेत. ते सगळे विचारतात की पुढे काय झालं. "मुख्य गोष्ट आपण उघडायचीच नाही," ती म्हणाली. "ती जिथे थांबली तिथे राहू दे. तुम्ही बाकीच्यांच्या गोष्टी लिहा. शिवणारी चिमटीबाई, धोबी पाणमांजरं, रात्रपाळीची घुबडीण. जुन्या पुस्तकांच्या शेजारी मांडता येतील अशा छोट्या जोडगोष्टी."

मी म्हटलं, मला लिहायला वेळ होत नाही. हे खोटं नव्हतं.

मग तिने नमुन्याचं चित्र काढलं पिशवीतून. त्यांच्याकडे एक मुलगा कॉम्प्युटरवर करून देतो. अगं, चिमटीबाईला त्याने बशीएवढे डोळे काढलेत आणि प्रत्येक डोळ्यात दोन दोन चांदण्या! चिमटीबाई चिचुंद्री आहे. तिला जेमतेम दिसतं, सुईत दोरासुद्धा ती वासावर ओवते. मी म्हटलं, हिला एवढं दिसत असतं तर ही शिवणकाम कशाला करत बसली असती, हेर झाली असती. ती हसली, पण चित्र परत पिशवीत घालताना म्हणाली, "मग धाकट्या मावशीला तुम्हीच विचारा. नाहीतर मला याच्याकडूनच करून घ्यावं लागेल."

म्हणून विचारते आहे. पहिली गोष्ट सोबत जोडली आहे, चिमटीबाईच्या दुकानाची. तिच्याकडे हिवाळ्यात कुणीतरी एक कोट दुरुस्तीला टाकून जातं आणि परत न्यायला येतच नाही. चित्र काढशील का? नाही म्हणालीस तरी चालेल, पण नाही असं लिहून कळव. गप्प बसू नकोस. ते तुला फार चांगलं जमतं.

तुझे भाऊजी बरे आहेत.

ताई


२६ फेब्रुवारी

धाकटे,

पाकीट मिळालं. आत एकच चित्र आणि चित्रामागे पेन्सिलीने एकच ओळ: "दाराची कडी उजव्या हाताला आहे, दुसऱ्या पुस्तकात बघ, तू डावीकडे लिहिलीस."

इतक्या वर्षांनी बहिणीने बहिणीला पहिलं वाक्य लिहिलं, तेही दाराच्या कडीबद्दल. मी दुसरं पुस्तक काढून पाहिलं. कडी उजवीकडेच आहे. दुरुस्त केलं आहे.

चित्राबद्दल मी काही बोलणार नव्हते, पण एक सांगते. तू चिमटीबाईच्या मिशा पांढऱ्या केल्यास. मी गोष्टीत तिचं वय वाढवलं नव्हतं, कारण पुस्तकातल्या प्राण्यांना वय लागत नाही असं मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले. तू तिला कंबरेत वाकवलंस, चष्मा दिलास (ज्याचा तिला काडीचा उपयोग नाही), आणि दुकानात बसायला एक स्टूल दिलंस, जे पूर्वी नव्हतं. ते स्टूल बघून मी चांगली दहा मिनिटं हलले नाही. पूर्वी ती उभ्याने शिवायची. आता तिचे पाय दुखतात तर! मग मला गोष्टच बदलावी लागली. आधी ती तो कोट पाठीवर टाकून मालकाला शोधायला अख्खं पाणकाठ पालथं घालत होती. आता ती स्टुलावरच बसते, आणि येणारं जाणारं प्रत्येक जण तो कोट अंगात घालून बघतं. कुणाच्याच मापाचा निघत नाही. आधीपेक्षा बरी झाली आहे गोष्ट. तू काढलंस म्हणून नाही, आपोआप झाली.

दुसरी गोष्ट पाठवते आहे, धोब्यांची. दोघं भाऊ नदीच्या दोन काठांवर धुणं धुतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. का बोलत नाहीत ते आता त्यांनाही नीट आठवत नाही. पण पलंगपोस पिळायचा म्हणजे दोन टोकांना दोघं लागतात. म्हणून रोज संध्याकाळी ते नदीच्या मधल्या खडकावर येतात, मान वळवून उभे राहतात, पिळतात आणि निघून जातात. हे तुझ्यामाझ्यावर लिहिलेलं नाही. उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

ही गोष्ट कालच पुरी झाली. दुपारी तुझ्या भाऊजींना भरवता भरवता वाचून दाखवली. धोबी खडकावर येतात तिथे ते जेवायचे थांबले. पूर्वी "पुढे?" असं विचारायचे, तसे बघत राहिले. गोष्ट पसंत पडली असावी.

चित्र जमेल तेव्हा पाठव, पण लवकर.

ताई


१७ मार्च

धाकटे,

धोब्यांच्या चित्रामागे या वेळी कडीबिडी काही नव्हतं. तीन शब्द होते. "भरवता भरवता म्हणजे?"

तुझ्यापासून काही लपवता येत नाही. लहानपणीही यायचं नाही.

तुझ्या भाऊजींना गेल्या वर्षी झटका आला. बस चालवत होते. त्यांचा कंडक्टर नंतर घरी आला होता, त्याने सांगितलं. भर रस्त्यात त्यांनी इंडिकेटर दिला, गाडी हळूहळू कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि मगच उजव्या बाजूला कलले. मागे गच्च भरलेली बस होती, कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. कंडक्टर हे सांगताना रडला. मला मात्र रडू आलं नाही, उलट राग आला. लोकांचा एवढा विचार केला, तसा त्या सकाळी डोकं दुखतंय हे मला तरी सांगायचं.

उजवा हात आणि उजवा पाय गेला. पायात थोडी ताकद परत येते आहे. बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले की त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. एकच शब्द शिल्लक आहे, "चला". डॉक्टर म्हणाले, असं होतं पुष्कळदा, जो शब्द जन्मभर तोंडात घोळलेला असतो तोच तेवढा मागे राहतो. पाणी हवं असलं की "चला". उशी नको असली की "चला". मी चिडले की हळू आवाजात "चला, चला". पहिल्या दिवसांत शेजारीण भेटायला आली आणि यांनी मोठ्याने "चला!" म्हटलं, तर ती बिचारी उठून निघूनच गेली. त्यांना बसा म्हणायचं होतं.

मी शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी सोडली. सकाळी व्यायाम करवून घेणारी मुलगी येते, त्यांची बोटं एकेक करून उघडते आणि मिटते. मग अंघोळ, कपडे, औषधं, भरवणं, पुसणं, कूस बदलणं. हे सगळं एकदा झालं की पुन्हा पहिल्यापासून. दुपारी ते झोपतात तेव्हा मी जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिते. प्रकाशकांच्या मुलीला मी नाहीच म्हणणार होते. का हो म्हटलं माहीत आहे? ती बसली होती तो अर्धा तास या घरात कुणीतरी औषध सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोललं.

तुला कळवलं का नाही, असं मनात आलं असेल. कोणत्या पत्त्यावर कळवायचं होतं?

असो. धोब्यांचं चित्र फार चांगलं आलं आहे. दोघांनी माना वळवल्या आहेत, पण शेपट्या एकमेकींना लागल्या आहेत. हे मी लिहिलं नव्हतं.

ताई


९ एप्रिल

धाकटे,

भाऊजींसाठी पाठवलेली लोकरीची टोपी पोचली. ती कानावरून खाली येते. ते घालून बसतात, काढू देत नाहीत. तुझी चिठ्ठीही मिळाली. चिठ्ठी म्हणण्याइतकी मोठी होती, म्हणजे प्रगती आहे. तुझा सांधा दुखतो आणि शिडीवर चढवत नाही, तर शिडीवर चढू नकोस. पाट्या खाली ठेवून रंगव आणि मग टांगायला सांग. हे मी तुला सांगायला हवं का?

घुबडिणीची गोष्ट आणि तुझं चित्र घेऊन मी स्वतः कार्यालयात गेले होते. शेजारीण यांच्यापाशी बसली. बऱ्याच दिवसांनी एकटी रस्त्यावरून चालले. कुणाचा तोल सांभाळायचा नाही, हात नुसते रिकामे. कसंतरीच वाटलं.

प्रकाशकांच्या मुलीने चित्रं टेबलावर मांडली, एकेक उचलून पाहिलं. मग म्हणाली, "सगळे म्हातारे झालेत."

"आवडलं नाही?"

"तसं नाही, मावशी. मलाही झालं आहे ना थोडं वय." मग तिने नाक पुसलं, खुर्ची पुढे ओढली, आणि मला कळलं की आता ही काहीतरी मागणार.

तिला साळूमास्तरांची गोष्ट हवी आहे. "पुढची नको," ती म्हणाली. "मागची. ते पाणकाठला पहिल्यांदा आले तेव्हाची. तरुण असतानाची. त्यांच्याशिवाय पाणकाठ म्हणजे..."

मी तिला सांगितलं की हे सोपं नाही. ती म्हणाली, प्रयत्न तर करा.

आता तुला खरं सांगते. तिने मागायच्या आधीच माझ्या मनात ती गोष्ट होती. साळिंदर मास्तर, पाठीवरच्या काट्यांत पेन्सिली खोचलेल्या, आणि हवी ती पेन्सिल कधीच सापडत नाही. हे कुणाचं आहे ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. तुझा नवरा सुतारशाळेतून घरी यायचा तेव्हा त्याच्या दोन्ही कानांवर, खिशात आणि एकदा तर मोज्यातही पेन्सिल होती. आपण दोघी त्याला हसलो आणि त्याच संध्याकाळी तू साळिंदर काढलंस. पाणकाठची सुरुवातच तिथून झाली.

गोष्ट सोबत ठेवते आहे. यात मास्तर पहिल्या दिवशी शाळेत येतात, आणि वर्गात एकच विद्यार्थी असतो, तोही चुकून आलेला बेडूक. वाचून बघ. घाई नाही.

ताई


२८ एप्रिल

गोष्ट परत आली. मला वाटलं होतं तू निदान चार ओळी लिहिशील. "हा मला जमणार नाही, दुसऱ्या कुणाकडून काढून घे." बस.

दुसऱ्या कुणाकडून! त्या चांदण्यांवाल्या मुलाकडून काढून घेऊ का? तो मास्तरांना गुलाबी गाल काढून देईल.

आता निघालंच आहे तर बोलू दे. चौथ्या पुस्तकाच्या शेवटी मी लिहिलं होतं की सगळे नदीकाठी जेवायला बसतात आणि मास्तर उभे राहून विचारतात, "आहेत ना सगळे?" एवढंच वाक्य. आणि तू चित्र काय काढलंस? सगळे जण पाठमोरे, नदीकडे बघत बसलेले, आणि मास्तर कुठेच नाहीत. चित्र तू परस्पर छापखान्यात दिलंस. त्यांना वाटलं आपलं ठरलं असेल. मी ते पहिल्यांदा पाहिलं ते छापलेल्या पुस्तकात, दुकानात, चार लोकांसमोर.

मुलांची पत्रं मला आली, तुला नाही. मास्तर मेले का? मास्तर कुठे गेले? एका मुलीने मास्तरांसाठी पेन्सिल पाठवली होती, टोक करून. मी त्या मुलांना काय लिहायचं होतं? मी फोनवर तुला म्हटलं, "मी त्याला मारलं नव्हतं." तू म्हणालीस, "पण तो मेलाय, ताई," आणि फोन ठेवलास. मग घर विकलंस आणि गेलीस. मला ते दुसऱ्यांकडून कळलं.

तो गेला होता हे मला माहीत नव्हतं का? त्या महिन्यात तुझ्या शेजारी अंथरूण टाकून मीच झोपत होते. पण एक गेला तरी दुसरा राहील, असं मला वाटायचं. म्हणून त्या पुस्तकात मी मास्तरांना एवढं जपून लिहिलं, प्रत्येक पानावर काही ना काही बोलायला लावलं. मी ते तुझ्यासाठी ठेवत होते. आणि तू ते एका चित्रात पुसून टाकलंस.

आणखी एक लिहिते, मग खोडणार नाही. तुझा नवरा एका दुपारी गेला. माझा रोज थोडा थोडा जातो आणि तरी घरातच असतो. सकाळी त्याचे दात घासते तेव्हा तो माझ्याकडे बघतो आणि मला वाटतं आत कुणीतरी आहे, दार आतून लागलंय. मी दमले आहे, धाकटे. झोप झाली तरी दमलेलीच उठते. मला वाटलं होतं की दुपारी तासभर तरी पाणकाठला जाऊन यावं, तिथे मास्तर भेटतील, काहीतरी तिरकस बोलतील. एवढंच हवं होतं.

उत्तर पाठवायची गरज नाही.


१९ मे

धाकटे,

तुझे भाऊजी पडले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आम्ही अजून रुग्णालयात आहोत. हे पत्र बाहेरच्या बाकावर बसून, मांडीवर पिशवी ठेवून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं.

मी टेबलाशी लिहीत होते. ते झोपलेत असं वाटलं होतं. खिडकीचा पडदा उडत होता, तो लावायला उठले असणार. त्यांना वाऱ्याचा आवाज आवडत नाही. मला हाक कशी मारणार? "चला" म्हणाले असतील, मी ऐकलं नसेल. मी तेव्हा बेडकाच्या वर्गात होते.

प्रकाशकांच्या मुलीला फोन करून सांगितलं की आता जोडगोष्टी नाहीत. तीन झाल्या तेवढ्या घे, नाहीतर त्याही टाकून दे. तिने फक्त "तुम्ही जेवलात का?" असं विचारलं. चांगली मुलगी आहे.

काल या बाकावर बसल्या बसल्या मी मुद्दाम पाणकाठ आठवून पाहिलं. वेळ जावा म्हणून. नदी दिसली, खडक दिसला, चिमटीबाईचं दुकानही दिसलं. दुकान बंद नव्हतं, पण आत कुणी नव्हतं. हाका मारल्या. कुणी आलं नाही. मला वाटायचं तू हट्टाने ते चित्र तसं काढलंस. आता वाटतं की तू मास्तरांना बोलावून बघितलं असशील, पुन्हा पुन्हा, आणि ते आले नसतील. जे दिसलं ते काढलंस.

मास्तरांची गोष्ट मी मागे घेतली आहे. फाडलेली नाही, पण कुणाला दाखवणार नाही. तू त्यांना काढू नकोस. मी पुन्हा विचारणार नाही.

काही पाठवू नकोस. आम्ही कधी घरी जाऊ माहीत नाही, पाकीट दारात पडून राहील.

ताई


११ जून

धाकटे,

घरी येऊन आठवडा झाला. पाकीट दारात पडून नव्हतं, शेजारणीने उचलून ठेवलं होतं. पाठवू नकोस म्हटलं की तू नक्की पाठवणार, हे मला कळायला हवं होतं.

मी ते लगेच उघडलं नाही. आधी पलंग खिडकीपासून हलवला, पडदा काढून टाकला, औषधं लावली. मग चहा केला. मग उघडलं.

ते पहिलं साळिंदर सोडलं, तर गोष्ट नसताना तू चित्र काढलेलं माझ्या आठवणीत नाही. नेहमी मी लिहायचे, मग तू काढायचीस. म्हणून आधी मला कळेचना की मी काय बघते आहे. नदी पाणकाठचीच. घाटावर मोठा चपटा तराफा, त्यावर बसायला उलट्या टाकलेल्या पेट्या. तराफ्याच्या टोकाला एक म्हातारा कासव उभा. डोक्यावर लोकरीची टोपी, कानावरून खाली आलेली. डाव्या हाताने सुकाणू धरलेलं, उजवा हात नुसता लोंबतो आहे. आणि तराफ्यात सगळे बाकीचे: चिमटीबाई स्टुलासकट, धोबी धुण्याचे गठ्ठे घेऊन, घुबडीण दिवस असल्यामुळे कुणाच्या तरी खांद्यावर झोपलेली. जागे असलेले सगळे कासवाकडे बघतायत, तो काहीतरी बोलेल म्हणून. आणि तो बोलत नाही.

मागे तू लिहिलं आहेस ते मी इतक्या वेळा वाचलं की आता पाठ आहे. "ताई, बंद करायचं असेल तर कर. मीही एकदा केलं होतं, त्याने काही बरं वाटत नाही, एवढं सांगते. मास्तर अजून येत नाहीत. पण परवा पाटी रंगवताना हा आला आणि जाईना. याचं नाव काय? हा बोलत का नाही? तराफा कुठे जातो? मला माहीत नाही, गोष्टी तुझ्याकडे असतात. लिही, नाहीतर मला पुढचं पान काढता येत नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. ती व्यायामवाली मुलगी आत होती, तिने विचारलं, "काय झालं, मावशी?" मी म्हटलं, काही नाही, बहिणीचं पत्र आहे. ती म्हणाली, "वाईट बातमी?" मी म्हटलं, नाही गं, काम आलंय.

दुपारी चित्र भाऊजींना दाखवलं. खरं तर भीती वाटत होती, त्यांना वाईट वाटेल म्हणून. त्यांनी डाव्या हाताने कागद धरला आणि खूप वेळ बघितलं. टोपी ओळखली. स्वतःच्या डोक्याला हात लावून पाहिला. तोंड एका बाजूने हसलं, दुसरी बाजू अजून येत नाही. मग कासवावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. मी म्हटलं, "हो, तुम्हीच." म्हटलं, "धाकटीने तुम्हाला नोकरी दिली."

त्यानंतर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. चित्रावर एका जागी बोट आपटायला लागले. पुन्हा पुन्हा तिथेच. मला कळेना. चिमटीबाई? नाही. घुबडीण? नाही. चिडले, मान हलवली, "चला" सुद्धा म्हणाले नाहीत, नुसतं बोट. मी चष्मा लावून नीट पाहिलं. त्यांचं बोट धोब्यांच्या गठ्ठ्यांवर होतं. तू दोघांचेही गठ्ठे डाव्या बाजूला रचले आहेस, आणि वर ते दोघंही डावीकडेच बसलेत. मी विचारलं, "सगळं वजन एका बाजूला आलंय का?" त्यांनी डोळे मिटले आणि सुटकेचा श्वास सोडला. कित्येक महिन्यांत मी त्यांचं म्हणणं एवढं बिनचूक ओळखलं नव्हतं. आम्ही दोघंही घामाघूम झालो होतो. मग ते झोपले, आणि मी कागद ओढून बसले.

अजून दमलेलीच आहे, तसं काही बदललेलं नाही. आज सकाळी त्यांना खुर्चीत बसवताना माझी पाठ धरली. उद्याही हेच आहे. पण या कासवाचं काय झालं असेल ते मला थोडं थोडं दिसतं आहे, आणि उतारूंना ते कसं कळतं तेही. एक पान झालं आहे. पुढे मात्र अडले, कारण वाचून दाखवताना तराफा सुटला की हे हात वर करून मला थांबवतात.

म्हणून चित्र परत पाठवते आहे. एका धोब्याला त्याच्या गठ्ठ्यांसकट उजवीकडे घे. वजन सारखं झाल्याशिवाय ते गाडी काढणार नाहीत.

ताई